कांडपाच्या नंबरासाठी कुकीकटर-जँगो: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

लालबागला माझ्या मामाची मसाला कांडपाची गिरणी आहे. होळी झाली की तिथे पाय ठेवायला जागा नसते. वसई-विरारपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बायका चिंचपोकळीला नाहीतर करी रोडला उतरतात, गल्लीत बेडगी, काश्मिरी, लवंगी निवडून घेतात. कुणी घरूनच देठं काढून, ऊन दाखवून, खमंग भाजून आणतात. मग नंबर लावून बसायचं. नंबर म्हणजे मामाची लांबट वही आणि खाकी पुठ्ठ्याचे तुकडे. सकाळी आठला लावलेला नंबर कधी कधी दुपारी तीनला येतो. तोवर ती बाई बाकड्यावर, मांडीत पिशवी, नाकाला पदर, कारण हवेत मिरचीचा ठसका भरलेला असतो.

मला एवढंच हवं होतं की नंबर घरबसल्या लागावा, आणि आपली पाळी साधारण कधी येईल हे बाईला विरारची गाडी पकडण्याआधी कळावं. फोनवर उघडणारं एक पान. त्यात मोबाइल नंबर, किती किलो, कुठला मसाला. बदल्यात नंबर आणि अंदाजे वेळ. हे अ‍ॅप मी दोनदा बांधलं. पहिल्यांदा रिकाम्या फोल्डरपासून, दुसऱ्यांदा कुकीकटर-जँगो या तयार साच्यातून. परीक्षण दुसऱ्याचं आहे, पण पहिल्याची हकिगत सांगितल्याशिवाय साच्याची किंमत कळायची नाही.

मी लोअर परळला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. तपासते, लिहीत नाही. पायथॉन येतं ते कामापुरतं. जँगो, म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, निवडलं ते अ‍ॅडमिनच्या पानासाठी. ते आयतं मिळतं, म्हणजे मामीला नोंदी बघता येतील, खोडता येतील, त्यासाठी मला वेगळं काही लिहावं लागणार नाही. जँगोचा जन्मच मुळी वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या दैनिकाच्या वेबसाइटचं काम करताना अ‍ॅड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते बांधलं, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. प्रोग्रामरच्या मागे न लागता मजकूर भरता यावा, ही तिथल्या पत्रकारांची गरज. गल्ल्यावर बसलेल्या मामीचीही तीच.

'स्टार्टप्रोजेक्ट' ही आज्ञा दिली की जँगो स्वतःच एक छोटा साचा ओतून देतं. मॅनेज डॉट पीवाय, सेटिंग्जची फाइल, पत्त्यांची फाइल, आणखी दोन-तीन. त्यात डीबग, म्हणजे चुकांचा सगळा तपशील पडद्यावर दाखवणारी सोय, चालू असतं, डेटाबेस एसक्यूलाइटचा असतो आणि घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. शिकायला याहून चांगली सुरुवात नाही. पण ती तशीच्या तशी रस्त्यावर आणायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही वाचलं नव्हतं. पंधरा दिवस संध्याकाळी बसून नंबराचं पान लिहिलं, एका फुकट होस्टिंगवर चढवलं, शटरवर क्यूआर कोड चिकटवला.

पहिला घोळ घड्याळाचा. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्या पहाटेचे साडेपाच. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात नंबर लावला की त्यावर तारीख आदल्या दिवसाची पडायची. पहाटे चारला पाणी येतं म्हणून उठणाऱ्या बायका आहेत. हंडे भरता भरता त्या नंबर लावायच्या, आणि अ‍ॅप त्यांना काल संपलेल्या रांगेच्या शेपटाला उभं करायचं. (घड्याळाचा तंटा या शहराला नवा नाही. देशाची वेळ १९०६ मध्ये एक झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.)

दुसरा घोळ मात्र अंगाशी आला. एप्रिलमधला शुक्रवार होता. रात्री मी एका बटणाचा रंग बदलला. तेवढाच बदल. नवी आवृत्ती चढवली, पान उघडून बघितलं, रंग छान दिसत होता, झोपले. सकाळी साडेसातला मामाचा फोन. "अगं, यादी कोरी दिसतेय."

एक्केचाळीस नंबर गेले होते. एसक्यूलाइट म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइल. ती मी कोडच्याच शेजारी ठेवली होती. त्या प्रकारच्या होस्टिंगवर नवी आवृत्ती चढवली की जुना डबा, म्हणजे सगळं ज्यात चालतं तो कंटेनर, फेकून कोरा डबा लावला जातो, आणि डब्यात जे काही असेल ते त्याच्याबरोबर जातं. मी पोहोचले तेव्हा नालासोपाऱ्याच्या एक ताई शटरपाशी उभ्या होत्या. पाच किलो मिरची, आदल्या रात्री भाजलेली, स्टीलच्या डब्यात, वरून फडकं बांधलेलं. त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनशॉट होता, नंबर ९. "मी सहा वाजता निघालेय," एवढंच म्हणाल्या. भाजलेल्या मिरचीला हवा लागली की ती सादळते, मग कांडपात नीट कुटली जात नाही. ती परत घरी नेणं शक्य नव्हतं. मामा मला एक शब्द बोलला नाही. त्याने गल्ल्याखालची वही काढली, ताईंना पहिला नंबर दिला आणि रांग नव्याने लावायला घेतली. त्या दिवशी गिरणी रात्री साडेदहापर्यंत चालली.

अ‍ॅप बंद केलं. क्यूआर कोड काढला. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बसले, या वेळी साचा घेऊन.

कुकीकटर हे मूळ साधन ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांनी २०१३ मध्ये आणलं. ते प्रश्न विचारतं आणि उत्तरांप्रमाणे सबंध फोल्डर ओतून देतं. त्यावर जँगोचा साचा डॅनियल रॉय ग्रीनफेल्ड यांनी सुरू केला, आता तो बरेच जण मिळून सांभाळतात. फुकट आहे, कोड उघडा आहे. नावाचा अर्थ बिस्किटं कापायचा साचा. मला तो चकलीच्या सोऱ्यासारखा वाटतो. सोऱ्यात ताटली आधी निवडून बसवावी लागते, चकलीची की शेवेची. पीठ भरल्यावर ताटली बदलायची तर सगळं पीठ बाहेर काढा. इथेही वीस-पंचवीस प्रश्न येतात ते एक ओळ कोड लिहिण्याआधी, आणि त्यांतले निम्मे असे आहेत की त्यांचं उत्तर नंतर बदलणं जिवावर येतं.

या साच्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे प्रश्न. पहिल्या खेपेला हेच प्रश्न मला विचारले गेले होते, पण शनिवारी सकाळी साडेसातला, शटरसमोर.

वेळ कुठली? आयतं उत्तर यूटीसी आहे. नुसतं एंटर दाबत गेलात तर तेच राहील. मी 'एशिया/कोलकाता' असं अक्षर न अक्षर तपासून टाइप केलं. डोमेन काय आणि ईमेल काय? हे खरंखुरं द्या, कारण ते पुढे साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र मिळवताना वापरलं जातं. डॉकर, म्हणजे सगळं अशा डब्यांत घालून चालवायची सोय, हवं? हो. पोस्टग्रेसची कुठली आवृत्ती? म्हणजे डेटाबेस पोस्टग्रेसच असणार हे साच्याने आधीच ठरवलेलं आहे, एसक्यूलाइटचा पर्यायच नाही. ते वाचून मला फार हायसं वाटलं.

क्लाउड कुठला? इथे तीन मोठ्या कंपन्यांची नावं येतात आणि शेवटी 'कुठलाच नाही'. मी तेच घेतलं. मग व्हाइटनॉइजला हो म्हणावंच लागतं, नाहीतर चित्रं आणि रंगरूपाच्या फायली वाढणार कोण? दोन्हींना नाही म्हटलंत तर साचा तिथेच थांबतो आणि कारण सांगतो. ही गोष्ट मला आवडली. चुकीची जोडी गळ्यात मारून घेऊन पुढे जाऊ देत नाही.

ईमेल कुणामार्फत? 'इतर एसएमटीपी'. सेलरी हवं? नाही. ते पाठीमागे चालणाऱ्या लांब कामांसाठी असतं, नंबर लावायला त्याची गरज नाही. रेस्ट फ्रेमवर्क? नाही. वेबपॅक, गल्प? नाही. चुका गोळा करणारी सेंट्री ही सेवा? नाही. या 'नाही'मधून एक चांगली गोष्ट निघाली. सेंट्री नको म्हटलं की साचा चुकांची ईमेल थेट सुरुवातीला दिलेल्या पत्त्यावर पाठवायची सोय करून ठेवतो. आता गिरणीत काही बिघडलं तर मामाचा फोन यायच्या आधी माझ्या फोनवर मेल आलेली असते.

माझा सल्ला असा की प्रत्येक प्रश्नाला नाही हे उत्तर धरून चला आणि हो म्हणायला कारण शोधा. ज्याला हो म्हणाल त्याची किल्ली, त्याचा पासवर्ड, त्याचं बिल पुढे तुमच्याकडे मागितलं जाणार आहे. मेल सेवेचं एखादं नाव निवडलंत आणि तिची किल्ली भरली नाहीत तर सर्व्हरवरून मेल जातच नाही.

फोल्डर ओतून झालं की पहिल्यांदा दडपायला होतं. शंभराच्या वर फायली दिसतात. मी एक रविवार फक्त वाचण्यात घालवला. सेटिंग्ज तीन-चार फायलींत विभागलेली असतात. सगळ्यांना लागू असणारी एक, आपल्या मशीनसाठी एक, चाचण्यांसाठी एक, आणि खऱ्या सर्व्हरसाठी एक. या शेवटच्या फाइलमध्ये डीबग बंद, सगळी ये-जा एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर, कुकी फक्त सुरक्षित जोडणीवर. हे सगळं मी पहिल्या खेपेला केलं नव्हतं.

त्या वाचनात एक बारीकशी गोष्ट सापडली. वापरकर्त्याचं नाव जँगोमध्ये एरवी दोन खणांत असतं, पहिलं नाव आणि आडनाव. या साच्याने ते दोन्ही काढून एकच खण ठेवलाय, नुसतं 'नाव'. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव, अशी तीन पदरी नावं. ती दोन खणांत कोंबताना मधलं नाव कुठे टाकायचं हा प्रश्न प्रत्येक फॉर्मवर पडतो. इथे पडला नाही. शिवाय वापरकर्त्याचं मॉडेल, म्हणजे त्याच्या नोंदीचा आराखडा, पहिल्या दिवसापासून आपलं स्वतःचं असतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे. जँगोच्या कागदपत्रांतही हेच सांगितलंय, कारण डेटा भरल्यानंतर ते बदलणं म्हणजे चालू गिरणीचा पट्टा बदलणं.

आता चढवण्याविषयी, कारण तिथे माणसं अडकतात. मुंबईतच डेटा सेंटर असलेला एक सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला. आधी एक जीबी मेमरीचा घेतला होता, डॉकरची इमेज, म्हणजे डब्याचा नमुना, बांधतानाच तो गुदमरला. दोन जीबीचा घ्या, नाहीतर रात्र वाया जाईल.

साचा खऱ्या सर्व्हरसाठी लागणारी गुपितं एका वेगळ्या फोल्डरमध्ये तयार करून देतो. गुप्त किल्ली, डेटाबेसच्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड, सगळं लांबलचक आणि वेडंवाकडं. अ‍ॅडमिनच्या पानाचा पत्तासुद्धा असाच असतो, नेहमीचा 'अ‍ॅडमिन' नसतो, म्हणजे दार ठोठावत फिरणाऱ्या यंत्रांना ते दार सापडत नाही. मामीच्या फोनवर मी तो पत्ता खूण करून ठेवलाय. हे फोल्डर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, जात नाही, ते हातानेच सर्व्हरवर न्यावं लागतं. न्यायचं विसरू नका आणि त्याची एक प्रत नीट जपून ठेवा.

मग इमेज बांधली, सगळं उभं केलं, पान उघडलं आणि पाचशे नंबरची चूक. कारण साधं होतं. आपल्या मशीनवर साचा डेटाबेसची कोष्टकं दर वेळी आपणहून तयार करतो, म्हणून ते लक्षातच येत नाही. खऱ्या सर्व्हरवर ती आज्ञा मुद्दाम हाताने द्यावी लागते. हे योग्यच आहे, चालू डेटाबेसच्या रचनेत हात घालायचा तर माणसाने जागं राहून घालावा. पण कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझा तास वाचला असता, म्हणून मी इथे सांगतेय. आधी मायग्रेट ही कोष्टकं तयार करायची आज्ञा, मग मुख्य वापरकर्ता तयार करा, मग उभं करा.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. ब्राउझरमध्ये कुलूप दिसायला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं, नव्वद दिवसांचं. ते मागणं, लावणं, मुदत संपायच्या आत नवं आणणं, हे सगळं साच्यातला ट्रॅफिक नावाचा द्वारपाल करतो. मला ते काही केल्या मिळेना. दोन तास नोंदी वाचल्यावर कळलं की माझं डोमेन एकाच टिंबाचं असल्यामुळे साच्याने 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेला पत्ताही प्रमाणपत्रात धरला होता, आणि त्या पत्त्याची डीएनएस नोंद, म्हणजे तो कुठल्या सर्व्हरकडे जातो ती, मी केलीच नव्हती. दोन्ही पत्ते सर्व्हरकडे वळवले आणि थोड्या वेळात कुलूप आलं. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसू नका. फसलेल्या प्रयत्नांची मोजदाद तिकडे होते आणि काही काळ दार बंद होतं. आधी नोंद, मग धीर, मग प्रयत्न. त्यानंतर दोन मोसमांत प्रमाणपत्राला मी हात लावलेला नाही.

खऱ्या सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. 'या साइटशी यापुढे फक्त सुरक्षित जोडणीनेच बोल' असं ब्राउझरला सांगणारी ती ओळ आहे, आणि तो निरोप किती सेकंद लक्षात ठेवायचा हे त्यात लिहितात. साच्याने तिथे ६० लिहिलंय. शेजारी टीप आहे: आधी साठ सेकंदांवर चालवून बघा, नीट चालतंय याची खात्री झाली की ५१८४०० करा. म्हणजे सहा दिवस. विचार करा, हा आकडा पहिल्याच दिवशी मोठा ठेवला आणि प्रमाणपत्रात काही चुकलं, तर आलेल्या प्रत्येक बाईच्या फोनवर साइट सहा दिवस बंद. साठ सेकंद ठेवले तर मिनिटभरात सुटका. कुणीतरी हात पोळून घेतल्यावर ही टीप लिहिली असणार असं मला वाटलं. अशा टिपा या साच्यात जागोजागी आहेत.

मग माझं खरं काम, तपासणी. बारा खोटे नंबर टाकले. सगळे डबे खाली उतरवले, नव्याने बांधले, वर चढवले. बाराच्या बारा जागेवर. बटणाचा रंग बदलून पुन्हा चढवलं. बारा. सर्व्हरच बंद करून चालू केला. बारा. पोस्टग्रेसचा डेटा डब्याच्या बाहेर, नाव दिलेल्या वेगळ्या जागेत राहतो, म्हणून डबा बदलला तरी त्याला धक्का लागत नाही. फक्त उतरवण्याच्या आज्ञेला चुकूनही 'व्ही'चा पर्याय जोडू नका, तो ही जागासुद्धा पुसतो. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

बॅकअपची आज्ञा साच्यात आयती आहे. एक शब्द दिला की डेटाबेसची आवळलेली प्रत तारीख-वेळेच्या नावाने तयार होते, दुसऱ्या शब्दाने यादी दिसते, तिसऱ्याने परत आणता येते. मी ती रोज पहाटे चारला लावली. पहिल्या दिवशी फाइलच्या नावात आदल्या दिवसाची तारीख बघून छातीत धस्स झालं, कारण घड्याळाने एकदा फसवलेलं होतं. पण अ‍ॅपचं घड्याळ बरोबर होतं. बॅकअपचा डबा तेवढा यूटीसीवर चालतो आणि पहाटेचे चार म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा. ते एकदा समजलं की त्रास नाही. मात्र या प्रती त्याच सर्व्हरवर राहतात. सर्व्हर गेला तर त्याही गेल्या. त्या रोज दुसरीकडे उतरवून घ्यायची तजवीज आपली आपल्यालाच करावी लागते. आणि एकदा तरी प्रत परत आणून बघा. मी पावसाळ्यात, गिरणी थंड असताना, घरच्या लॅपटॉपवर सगळी रांग परत उभी करून बघितली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता जे पटलं नाही ते. एका गिरणीच्या नंबरासाठी पाच डबे चालतात. जँगो, पोस्टग्रेस, ट्रॅफिक, माध्यम फायलींसाठी इंजिनएक्स आणि रेडिस. सेलरीला नाही म्हटलं तरी रेडिस येतंच, कारण वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायला साचा ते वापरतो. मोठ्या कामाला हे शोभतं, मामाच्या गिरणीला जड आहे. नोंदणीची पद्धतही माझ्या कामाची नव्हती. साचा धरून चालतो की येणारा प्रत्येक जण ईमेल देईल आणि आलेल्या मेलमधली लिंक दाबून खात्री करून देईल. आमच्या गिऱ्हाइकांतल्या किती जणी ईमेल वापरत असतील? गुपितांच्या फाइलमध्ये नोंदणी बंद करायची एक ओळ आहे, ती बंद केली. आता खातं फक्त मामाला, मामीला आणि वजनकाट्यावरच्या दादाला. गिऱ्हाइकाला खातंच लागत नाही. नंबर लागल्याचा एसएमएस पाठवायचा विचार होता, पण त्यासाठी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर धंद्याची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराची नोंद करावी लागते. ते पुढच्या खेपेला. सध्या लिंक उघडली की आपल्यापुढे किती नंबर उरलेत ते दिसतं, आणि बायकांना ते पुरतं.

आणखी एक. साच्यातून फोल्डर ओतलं की नाळ तुटली. पुढे साच्यात सुधारणा झाल्या तरी त्या आपणहून तुमच्याकडे येत नाहीत. क्रफ्ट नावाचं एक साधन हा फरक आणून दाखवतं, पण ते सुरुवातीपासून वापरलं तर सोपं जातं. मी वापरलं नव्हतं, त्यामुळे वर्षातून एकदा शेजारी नवा साचा ओतून दोन्ही फोल्डर ताडून बघते.

मराठी माणसाने आधीच जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आहे, ती साच्याची नाही, जँगोची आहे. मला प्रत्येक मसाल्याचं स्वतंत्र पान हवं होतं, आणि त्याचा पत्ता मराठीत. नावावरून पत्ता करून देणारी सोय जँगोमध्ये आहे, पण ती एरवी देवनागरी पूर्ण गाळते, हातात रिकामी ओळ येते. युनिकोड, म्हणजे इतर लिप्यांची अक्षरंही, चालेल असं सांगितलं की अक्षरं ठेवते आणि काना, मात्रा, वेलांटी काढून टाकते. 'मालवणी'चं 'मलवण' होतं, 'मिरची'चं 'मरच', 'लालबाग'चं 'ललबग'. पायथॉनमध्ये शब्दातलं अक्षर ओळखायची जी खूण आहे ती आपल्या मात्रांना अक्षर मानत नाही, म्हणून असं होतं. पडद्यावर 'ललबग' बघून मला वाईट वाटलं. शेवटी पत्ते रोमन लिपीत हाताने लिहिले आणि पानावरचं नाव मराठीत ठेवलं. भाषेचा कोड मराठीचा लावला की तारखा-महिने मराठीत येतात, ते मात्र छान दिसतं.

कुणी घ्यावा? ज्याच्या अ‍ॅपवर दुसऱ्याचा दिवस अवलंबून आहे त्याने. डॉकरची तोंडओळख हवी, इंग्रजी कागदपत्रं वाचायची तयारी हवी आणि एक रविवार हवा. जँगो नव्यानेच शिकत असाल तर आधी रिकाम्या फोल्डरमधून एक छोटं काही तरी करा, नाहीतर यातली कुठली फाइल कशासाठी आहे ते कळणार नाही. नुसतं दुकानाचं नाव-पत्ता-फोन दाखवायचा असेल तर हा साचाच नको, एक साधं पान पुरे.

काळाचौकीला माझ्या मैत्रिणीचं पोळी-भाजी केंद्र आहे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तिला अशाच लावून घ्यायच्या आहेत. गेल्या महिन्यात तिच्या ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून आम्ही ते वीस-पंचवीस प्रश्न सोडवले. या वेळी वीस मिनिटं लागली. प्रत्येक प्रश्नाला ती विचारायची, "हे नाही म्हटलं तर काय होईल?" आणि मला उत्तर देता येत होतं.

नालासोपाऱ्याच्या ताई यंदाही आल्या होत्या, साडेसहा किलो घेऊन. त्यांना वेळ दाखवली होती अकरा वीसची. अकराला दहा मिनिटं असताना त्या शटरपाशी होत्या आणि साडेबाराच्या सुमाराला मसाला बरणीत भरून निघाल्या. मोसम संपला की मी सगळ्यांचे मोबाइल नंबर पुसते, नुसते किलो आणि तारखा ठेवते. वही अजून गल्ल्याखाली आहे. मामा रोज संध्याकाळी दिवसाचे नंबर फोनवरून बघून तिच्यात उतरवून घेतो, आणि मी त्याला ते बंद करायला सांगितलेलं नाही.